पुढच्या भोयाची हाक

सह्याद्रीच्या अगदी काठावर दांडवळ नावाचं गाव आहे. गावातलं शेवटचं घर संपलं की पुढे कोकणच, पण ते फार खाली. वरून तिथल्या गाई तांदळाच्या दाण्याएवढ्या दिसतात. गावाच्या डोक्यावर गड, पायाशी घाट, आणि मधल्या माळावर एका पिंपळाखाली गिरजोबा महाराजांची मठी. महाराज दांडवळला कुठून आले हे कुणालाच ठाऊक नाही. एकदोघांनी विचारून पाहिलं तेव्हा महाराज म्हणाले, "आलोय ना? मग कुठून ते कशाला?"

संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक शांत, मंद हसणारी मूर्ती येते. महाराजांना मंद हसायला सवड नव्हती. पोराला न्हाऊ घालताना आई जशी चिडचिडते, तशी त्यांची चिडचिड दिवसभर चाले. पाणी कढत, हात खरखरीत, पण पोर निघतं स्वच्छ. आणि चिडू नये तर काय करावं हो त्यांनी? सकाळपासून माणसांची रांग. एक म्हणे, "महाराज, चुलतभावाचा बांध मी दोन हात कोरला, देव रागावेल का?" दुसरी म्हणे, "सासूला शिळं वाढलं तर चालतं का?" महाराज कपाळाला हात लावीत. "उत्तर येतंय तुम्हाला! मग इकडे कशाला येता? मी चुकीचं उत्तर देईन अशी आशा आहे का?"

खरं सांगायचं तर बहुतेकांना तीच आशा असे.

या रांगेत न बसणारा एक भक्त होता, चांगो भोई. तो रोज पहाटे येई, मठीपुढचं अंगण झाडी, ओट्याला डोकं टेकी आणि न बोलता जाई. महाराजांना तो फार आवडे. ते कधी तसं म्हणाले नाहीत, पण तो झाडत असताना ते गप्प बसत, आणि महाराजांच्या बाबतीत याहून मोठं कौतुक नव्हतं.

चांगो हा पुढचा भोई. मेणा वाहताना दोन भोई पुढे, दोन मागे, सगळे एका ओळीत. मागच्यांच्या डोळ्यांपुढे मेण्याची पाठ. त्यांना वाट दिसतच नाही. म्हणून सर्वांत पुढचा चालता चालता हाक देतो. "डावा धोंडा!" "उजवा खड्डा!" "पाणी!" आणि मागचे त्या हाकेवर पाय टाकतात. तिथे विचार करायचा नसतो. विचार करेपर्यंत पाय गेलेला असतो. सर्वांत कठीण हाक म्हणजे "खांदा मोकळा!" वरून दरड आली किंवा दांडा मोडला, तरच ती द्यायची. ती ऐकली की चौघांनी एकदम दांड्याखालून बाहेर पडायचं, मेण्यात कोण बसलंय ते बघायचं नाही. भोयांच्या पिढ्याच्या पिढ्या जातात, ही हाक एखाद्यालाच द्यावी लागते. चांगोनं ती कधीच दिली नव्हती.

दर हाकेआधी तो हरीचं नाव घेई. "हरी हरी, डावा धोंडा! हरी हरी, उजवा खड्डा!" गडाचा किल्लेदार रायाजीराव याची फार टिंगल करी. रायाजी शूर होता, खोटं कशाला बोला. पण स्वतःच्या शौर्यावर त्याचा इतका जीव होता की दुसऱ्या कुणावर लावायला तो उरलाच नव्हता.

"काय रे चांग्या," तो दरवाजातून ओरडे, "तुझा हरी खड्ड्यात पडलाय का? खड्डा दिसला की त्याला हाक मारतोस!"

"त्यो न्हाई पडला, धनी. आपून पडू नये म्हणून मारतो."

"ऐका! भोयाची सगळी अक्कल खांद्यात, आणि उरलेली त्या चिडक्या बुवाच्या मठीत गहाण!"

पहारेकरी हसत. चांगोही हसे, आणि त्यामुळे रायाजी आणखी चिडे.

त्या काळी दांडवळावर हैबतराव सरकारांचा अंमल होता. घाटाखालचा जानराव त्यांचा वैरी. दोन वर्षांपूर्वी शिमग्यात जानरावाच्या लोकांनी वर येऊन बारा वाड्या जाळल्या. त्यात भोईवाडा होता, आणि त्यात चांगोच्या धाकट्या भावाची, सुभानची, पाच वर्षांची रखमी होती. एवढंच लिहिते, जास्त लिहवत नाही. पुढच्या पावसाळ्याआधी हैबतरावांनी स्वतःच्या रानातलं सागवान तोडून भोयांना घरं बांधून दिली, दुष्काळात धान्याचा अंबार उघडला. सरकारांसाठी चांगोनं जीव दिला असता. तो तसं म्हणतही असे. माणसानं असं उगाच म्हणू नये, कारण जीव कुणी मागत नाही. मागतात ते भलतंच.

आश्विनात तहाची बोलणी निघाली. हैबतरावांनी जानरावाला कौल पाठवला, म्हणजे येण्याजाण्याला धक्का लागणार नाही असा लेखी शब्द. त्या शब्दावर जानराव एकटा वर आला. त्याची माणसं घाटाच्या पायथ्याशी थांबली. तीन दिवस बोलणी झाली, तह झाला. चौथ्या दिवशी सकाळी पाहुण्याला यजमानाच्या मेण्यातून घाटाखाली पोचवायचं ठरलं.

आदल्या दिवशी दुपारी चांगोला सदरेवर बोलावणं आलं. त्याला वाटलं, मेण्याचं काही सांगायचं असेल. पाहतो तर सरकार स्वतः उभे, समोर तबक, तबकात एकच विडा.

"चांगो, घे," सरकार म्हणाले.

भोईवाड्यात तीन पिढ्यांत कुणाला सरकारांच्या हातचं पान मिळालं नव्हतं. चांगोचे डोळे भरून आले. त्यानं दोन्ही हातांनी विडा उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात घातला.

आता काय म्हणावं या माणसाला! सदरेवरच्या तबकातला विडा हे जेवणानंतरचं पान नव्हे. तो कामगिरीचा विडा. उचलला की काम पत्करलं, मग माघार नाही. शिपायाच्या पोरालाही हे पाळण्यात कळतं. तो आधी काम ऐकतो, मग हात पुढे करतो. पण भोयाला हे कोण सांगणार? त्याला कोण कधी विडा देतंय?

रायाजीनं मांडीवर थाप मारली. "उचलला! अन् खाल्लासुद्धा! काम काय ते विचारलंही नाही बेट्यानं!"

सरकार हसले नाहीत. ते म्हणाले, "जानरावानं काय केलं ते तुला सांगायला नको. तह तो दिवाळीपर्यंतही पाळणार नाही. पुन्हा येईल, पुन्हा जाळील. मी कौल दिलाय, तेव्हा माझा माणूस त्याच्यावर हत्यार उचलणार नाही. माझा शब्द मी मोडत नाही. पण घाटाचा शब्द मी दिलेला नाही. घाटात पाय घसरतात." एवढं बोलून ते आत गेले. चांगोकडे त्यांनी पाहिलं नाही.

उरलेलं रायाजीनं सांगितलं. "कुबड्या वळणावर हाक दे, 'खांदा मोकळा!' तुम्ही चौघं बाहेर, मेणा दरीत. मागच्यांना आधी सांगू नकोस, ते हाकेसरशी सुटतील. मी मागून येतोच बघायला."

चांगोच्या तोंडात पान तसंच होतं. गिळवेना, आणि सरकारांच्या सदरेवर थुंकवेना.

तो तसाच मठीवर आला. महाराज त्या वेळी वाळत घातलेला पंचा एका शेळीच्या तोंडातून सोडवत होते. अर्धा पंचा शेळीच्या पोटात गेला होता, त्यामुळे दोघांचंही मन ठिकाणावर नव्हतं.

"म्हाराज, म्या पान खाल्लं."

"मग चूळ भर."

चांगोनं चूळ भरली आणि सगळं सांगितलं. महाराजांनी पंचा सोडून दिला. शेळी तो घेऊन गेली.

"आधी काम विचारावं, मग हात पुढे करावा! एवढं कळू नये?"

"सरकारांनी दिलं म्हाराज. इचारू कसं? त्यांचं मीठ खाल्लंय."

"मीठ खाल्लंस, पान खाल्लंस, आता माझं डोकं खायला आलास. पुढे बोल."

"काय करू?"

महाराज एकदम उसळले. "बघा! चार वर्षं अंगण झाडतोय, कधी काही विचारलं नाही, मी म्हटलं हा एक तरी शहाणा निघाला. आज विचारलंस ते काय? तर उत्तर माहीत असलेलंच!"

"मला न्हाई म्हाईत," चांगो हट्टानं म्हणाला. "जानराव काय देवमाणूस न्हाई. सुभानची रखमी..."

महाराज खाली बसले. मग वेगळ्याच आवाजात म्हणाले, "रखमी याच ओट्यावर खेळायची. माझी जपमाळ ओढायची. मी ओरडलो की हसायची. जानरावाचं नाव ऐकलं की माझंही रक्त तापतं, चांगो. खोटं सांगू का तुला?"

"मग?"

"मग काय? तो तापवतो म्हणून त्याला दिलेला शब्द थंड होतो का? उद्या तो तुझ्या खांद्यावर असणार. तलवार घेऊन समोर उभा राहिला तर जा, लढ, मी अडवणार नाही. खांद्यावर बसलेला माणूस वैरी नसतो. तो ओझं असतो. ओझं पोचवायचं असतं."

"आन् सरकारांशी इमान?"

"तुझं काम काय रे?"

"म्होरचा भोई."

"पुढच्याचं काम काय?"

"खड्डा दिसला की सांगायचा."

"मागचा रागावेल म्हणून न सांगता चालतो का कुणी? सरकार तुझ्या मागून चाललेत, बाबा. त्यांना खड्डा दिसत नाही. त्यांच्यापुढे त्यांच्याच रागाची पाठ आलीय. तुला दिसलाय. सांग."

"म्या भोई. सरकारांना सांगू?"

"नाही तर काय मी सांगू?" महाराज पुन्हा पूर्ववत चिडले. "पान तू खाल्लंस!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गडाच्या दरवाजात मेणा सजला. जानराव आत बसला, पडदे ओढले गेले. सरकार निरोपाला आले होते. चांगो पुढे झाला आणि वाकून हलक्या आवाजात म्हणाला, "सरकार, म्होरं खड्डा हाय."

"कुठे?"

"हितंच. तुमच्या पायापाशी." आता तोंड उघडलंच होतं. "आज ह्यो दरीत गेला तर उद्या तुमच्या कौलावर कोन येईल? आन् म्या खोटी हाक दिली तर माझ्यामागं कोन खांदा लावंल? तुमच्यासाठी जीव मागा, आत्ता देतो. हाक न्हाई देता येत."

सरकारांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. लोक दूर होते, कुणाला काही ऐकू गेलं नाही. ते ओठ न हलवता म्हणाले, "मेणा खाली सुखरूप पोचला, तर भोईवाड्यानं परत वर यायचं नाही. बायकापोरांनाही खाली पाठवून देईन." आणि मोठ्यानं म्हणाले, "निघा. उशीर होतोय."

चाळीस घरं. सगळी सागवानाची. चांगोनं खांद्यावर घोंगडीची घडी ठेवली. त्याच्यामागे येदू भोई, मेण्यामागे सुभान आणि मल्हारी. दांडा उचलण्याआधी सुभान त्याच्याजवळ आला. रात्रभर न झोपलेल्या माणसाचे डोळे होते त्याचे.

"दादा, आत कोन बसलंय मला ठावं हाय. तू फकस्त एक शबूद काढ. म्या खांदा काढीन."

"चल," चांगो म्हणाला. भावापाशी याहून जास्त बोलायचं धैर्य त्याच्यात नव्हतं.

घाट उतरायला लागले. "हरी हरी, डावा धोंडा! हरी हरी, निसरडं!" मागे दहा पावलांवर रायाजी एकटाच चालत होता. साक्षीला दुसरा कुणी नको म्हणून त्यानं शिपाई घेतले नव्हते. अर्धा घाट उतरेपर्यंत ऊन होतं. मग कोकणातून धुकं वर चढू लागलं. आश्विनात ते असंच येतं, दूध उतू जावं तसं. कुबड्या वळणावर, जिथे वाट दीड हात रुंद आणि उजवीकडे नुसती दरी, तिथे ते पुरतं गिळायला आलं. चांगोला येदू दिसेना, दांडा दिसेना, शेवटी स्वतःच्या पायाची बोटंही दिसेनात. तो थांबला.

मागून रायाजीचा आवाज आला. "हं, चांग्या! हीच जागा. दे हाक!"

मेण्याच्या मागून सुभान म्हणाला, "दादा, म्होरं काय हाय? सांग."

चांगोनं तोंड उघडलं. दोन शब्दांत सगळं मिटणार होतं. चाळीस घरं राहणार होती, सरकार खूश, सुभानच्या छातीवरचा दगड खाली. आणि धुक्यात कुणी काही पाहिलंही नसतं.

"हरी हरी," तो ओरडला, "दम धरा! कुनी पाय हलवू नगा! मला काय बी दिसंना झालंय!"

पुढच्या भोयानं जन्मात उच्चारू नये असं हे वाक्य. त्याच्या बापानं, आजानं कधी उच्चारलं नसेल. पण खरं होतं, म्हणून त्यानं उच्चारलं.

रायाजीचा संताप अनावर झाला. त्यानं छाती भरून स्वतःच आरोळी ठोकली, "खांदा मोकळा!"

दांडा थरथरला. मल्हारी दचकून अर्धा वळला. आणि सुभान... दोन वर्षं ज्या शब्दांची वाट पाहिली ते कानावर आले होते. नुसतं खाली वाकायचं होतं. पुढे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं असतं, हाक आली, मी सुटलो.

"ती दादाची हाक न्हाई," सुभान दातओठ खात म्हणाला. "मल्हाऱ्या, धर दांडा!" त्यानं खांदा आणखी आत सरकवला.

पण या गडबडीत येदूचा पाय घसरला. मेणा उजवीकडे कलला. दरीतले दगड खडखडत गेले, पण तळाशी पोचल्याचा आवाज काही येईना. चांगोच्या खांद्यावर चौघांचा भार आला. त्याचे गुडघे वाकले. मागच्या सर्वांना तो आजवर सांगत आला होता. आता त्याला कोण सांगणार? त्याच्या तोंडून हाक निघाली नाही, रडं निघालं, "हरी!"

"ओरडतोस काय? डावा पाय! अरे डावा, डावा! तो उजवा झाला!"

चांगो जागच्या जागी गोठला. हा चिडका आवाज त्यानं कालच मठीत ऐकला होता.

"ऐकू येतंय का? डावा पाय एक वीत पुढे. हं. आता टाच टेक. सगळ्या जगाला डावं-उजवं सांगतो आणि स्वतःला कळत नाही! येदूला म्हणावं, खालचं मूळ धर. अरे, त्याला सांग ना, माझं तो ऐकतोय का?"

"येदू, खालचं मूळ धर!" चांगो ओरडला. येदूच्या हाताला खरोखरच मूळ लागलं. तो वर आला. आणि मंडळी, त्याच क्षणी चांगोच्या पुढे दांड्याचं टोक कुणीतरी उचलून धरलं. भार इतका हलका झाला की रिकामा मेणा नेतोय असं वाटावं. धुक्यात दिसत काहीच नव्हतं. दिसलंच म्हणाल तर पंचा गुंडाळलेली एक किडकिडीत पाठ, तीही क्षणभर.

"हरी हरी, उजवा खड्डा!" चांगो पुढच्याकडून ऐकून मागे सांगू लागला. त्याचा आवाज स्वच्छ झाला होता. एकेक वीत करत चौघांनी ते वळण ओलांडलं. मेण्यात पाण्याचा तांब्या असता तर त्यातलं पाणीही हिंदकळलं नसतं.

इकडे दांडवळात महाराज त्या वेळी मठीच्या ओट्यावरच होते. काशी म्हातारी समोर बसून सुनेचं गाऱ्हाणं सांगत होती आणि महाराज डोळे मिटून ओरडत होते, "डावीकडे! अरे डावीकडे!" म्हातारी बिचारी सरकत सरकत तुळशीच्या कट्ट्यावर जाऊन आदळली. "अजून किती सरकू, महाराज?" असं तिनं विचारलं, तर उत्तर मिळालं, "दम धर!" ही गोष्ट तिनं पुढे मरेपर्यंत सांगितली.

पायथ्याशी ऊन होतं. मेणा टेकवला, जानराव बाहेर आला. तो खुळा नव्हता. वळणावरची आरोळी त्यानं ऐकली होती. त्यानं चांगोला विचारलं, "वर कोण ओरडलं? कुणाचा हुकूम होता?"

चांगो म्हणाला, "म्या भोई, धनी. पोचवायचं काम माझं. तुमास्नी पोचवलं." आपल्या सरकारांचं नाव त्यानं वैऱ्यापुढे निघू दिलं नाही. इमान इमान म्हणतात ते हेही असतं.

जानरावानं हातातलं कडं काढून पुढे केलं. ते घ्यायला सुभान सर्वांत जवळ होता. त्यानं तोंड फिरवलं, बाजूच्या दगडावर जाऊन बसला आणि हुंदके देऊन रडला. जानराव कडं हातात घेऊन तसाच उभा राहिला, मग आपल्या माणसांत निघून गेला. सुभाननं त्याला क्षमा केली असं काही मी सांगणार नाही. सुभाननं दांडा धरून ठेवला. माणसाकडून एका दिवसात आणखी किती मागायचं?

इतक्यात वरून, धुक्यातून, कुणाची तरी हाक आली. "कुणी आहे का रे? चांग्या! अरे कुणी आहे का?"

रायाजी अजून वळणावरच होता. मेण्यामागे धावताना त्याच्या पायाखालची कड ढासळली होती. उजवा पाय अर्धा अधांतरी, पुढे काय, मागे काय, दिसत नाही. पडणारच होता, पण कानाजवळ कुणीतरी खेकसलं, "गप उभा राहा, मूर्खा!" आणि आयुष्यात पहिल्यांदा रायाजीनं निमूटपणे कुणाचंतरी ऐकलं. तेव्हापासून तो तसाच उभा होता, कड्याला गालानं चिकटून.

"राहू दे तिथंच," येदू म्हणाला. चांगो एकटाच वर चढला. वळणाच्या अलीकडे येऊन त्यानं धुक्यात हाक दिली, "धनी, म्या हितं हाय. म्या सांगतो तसा पाय टाका. हरी हरी, डावा पाय मागं, एक वीत."

रायाजी हलेना.

"डावा पाय, धनी."

"चांगो," धुक्यातून अगदी बारीक आवाज आला. चांग्या नव्हे, चांगो. "खरं सांगतोस ना?"

एवढा गरीब चांगो, पण त्याचाही जीव आता विटला होता. "अवो, खोटंच सांगायचं असतं तर सकाळीच सांगितलं असतं की! घरदार राहिलं असतं माझं! टाका पाय!"

रायाजीनं पाय टाकला. खाली दगड होता, घट्ट. मग दुसरा टाकला. ज्या तोंडाला आपण खोटं बोलायला सांगितलं, त्याच तोंडाच्या एकेका शब्दावर तो गडाचा किल्लेदार तान्ह्या पोरासारखा चालत आला, आणि दर पावलाला त्याचा ताठा थोडा थोडा दरीत पडत गेला. हाताला हात लागला तेव्हा त्यानं चांगोचा हात सोडलाच नाही. मग म्हणाला, "तुझ्या आधी तिथे आणखी कुणी होतं. मला मूर्ख म्हणालं."

"म्हनायचंच," चांगो म्हणाला. "मलाबी म्हनत हुतं."

भोई खाली थांबले. वर यायची बंदी होती ना! रायाजी एकटा गडावर गेला. संध्याकाळी तो परत आला, डोक्याला पागोटं नाही, पायात जोडा नाही. चौघांनाही बरोबर घेऊन थेट मठीवर गेला. अंगणात चाळीस घरांची बायकामाणसं गाठोडी बांधून बसली होती.

"सरकारांना सगळं सांगितलं," रायाजी म्हणाला. "म्हटलं, भोईवाडा काढायचा तर आधी माझी किल्लेदारी काढा. चूक माझी. खोटी आरोळी मी ठोकली. तेव्हा सरकार म्हणाले, 'एवढ्या दरबारात मला तोंडावर खड्डा दाखवणारा एकच निघाला. त्याला हाकलून मी चालू कसा?' गाठोडी सोडा, बायांनो. घरी जा."

बायांनी एकदम रडायला सुरुवात केली. दुःखात रडल्या नव्हत्या तेवढ्या आता रडल्या. रायाजी ओट्यापाशी गेला आणि त्यानं महाराजांच्या पायांवर लोटांगण घातलं.

"महाराज, मी तुम्हाला चिडका बुवा म्हटलं."

"ते खरंच आहे. त्याचं काय एवढं?" महाराज वैतागून म्हणाले. "इकडे कशाला पडलास? घाटात तुला हात कुणी दिला? तिकडे जा!"

रायाजी उठला, वळला आणि भर अंगणात चांगोपुढे वाकला. चांगो घाबरून मागे सरला, "नगं धनी, नगं नगं," आणि मागे सरता सरता सुभानला धडकला. सुभाननं त्याला पाठीमागून धरून उभं केलं. "ऱ्हा उभा, दादा," तो म्हणाला. "एवढं एक वज्झं घे." किल्लेदारानं भोयाच्या धुळीनं भरलेल्या पायांवर कपाळ टेकलं, आणि ते लवकर उचललं नाही.

"झालं?" महाराज म्हणाले. "आता जा सगळे आपापल्या घरी. काशी, तूही ऊठ त्या कट्ट्यावरून. मला जरा पडू दे. सकाळपासून खांदा भरून आलाय."

रायाजीनं मान वर करून पाहिलं. महाराज डाव्या हातानं उजवा खांदा चोळत आत चालले होते. दार लागलं. त्या लागलेल्या दारापुढे रायाजी पुन्हा खाली वाकला, आणि या वेळी त्याच्या शेजारी अख्खा भोईवाडा वाकला होता.